केतकीचे अडकलेले पैसे

हे मी अजून कुणापाशीही बोललेलो नाही. आईपाशी नाही, इथल्या मित्रांपाशी नाही — आणि जिच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं, त्या माझ्या बायकोपाशी तर नाहीच. बोलायचं ठरवून काही वेळा तोंड उघडलं, आणि उद्या पाऊस आहे म्हणतात, असलं काहीतरी बोलून मिटलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. हाही भित्रेपणाच आहे, मला कळतं.

इथे जर्मनीत, बॉबलिंगेनमध्ये आम्ही जी काही मराठी कुटुंबं आहोत, त्यांच्यात पैशांच्या बाबतीत माझा शब्द चालतो. कुणाला फंड निवडायचा असतो, कुणाला इथला कर समजत नसतो — ‘मंदारला विचारा’ हे ठरलेलं. मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. पैशांचं सगळं वाचून वाचून शिकलो. पण एकदा लोक विचारायला लागले की माणसाला चढते. मलाही चढली. ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं खोटं खपलं ते या भरवशावरच.

लग्नानंतर आम्ही काही वर्षं कॅनडात होतो, मिसिसागाला. केतकी पुण्याची सिव्हिल इंजिनीअर. तिथे तिच्या डिग्रीला कुणी विचारलं नाही, तेव्हा घरात बसून रडण्यापेक्षा म्हणून तिने एका बेकरीत काउंटरवर काम धरलं. पहाटे बर्फात बाहेर पडायची. हातमोजे घालूनही तिची बोटं लाल होऊन यायची, आणि घरी आल्यावर ती माझ्या मानेला लावून मला ओरडायला लावायची. त्या पगारातून ती जे मागे टाकायची ते वेगळं, स्वतःच्या नावावर. ‘हे घरात धरायचे नाहीत हं,’ असं तिने सुरुवातीलाच बजावलं होतं.

कॅनडात एक करमुक्त बचत खातं असतं. नावाला बचत खातं, पण त्यात पैसे नुसते पडू द्यायचे नसतात. त्यातून शेअर घ्या, फंड घ्या, जे वाढेल त्यावर तिथे कर नाही. आणि हवे तेव्हा काढता येतात. हे शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवा, सगळा प्रकार त्याच्यावरच उभा आहे. मी तिला ते खातं एका स्वस्तातल्या ऑनलाइन ब्रोकरकडे उघडून दिलं — कमिशन जवळजवळ नाही, ऑफिस नाही, माणूस नाही, सगळं स्क्रीनवर. ती शेजारी चिवडा खात बसली होती. पासवर्ड मी ठरवला. लॉगिनचा कोड माझ्या फोनवर येईल असं केलं. “तूच बघ रे, मला त्यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. पुलाच्या तुळईवर किती भार चालेल याचं गणित मांडणारी बाई! तिला एका खात्यातलं कळत नाही? पण आपल्याकडे हे असंच बोलायची पद्धत आहे. बायको असं म्हणते, नवऱ्याला ते आवडतं, आणि पुढे खरोखरच तिला विचारायचं राहून जातं. मलाही आवडलं होतं.

आता तुम्हाला वाटलं असेल, याने बायकोचे पैसे बुडवले. सगळ्यांना हेच वाटेल. नाही. एक पैसा बुडाला नाही. आजूबाजूची मुलं रोज एकेका शेअरच्या मागे धावत होती, तेव्हा मी तिचे सगळे पैसे अख्ख्या बाजाराच्या इंडेक्स फंडात घातले आणि हात लावला नाही. बाजार पडला तेव्हाही नाही. पैसे शांतपणे वाढत राहिले. बुडाले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय. बुडवणारा माणूस मूर्ख ठरतो आणि सुटतो. माझ्यापाशी तेवढीही सोय नाही.

मग मला जर्मनीत नोकरी मिळाली. केतकीने बेकरी सोडली, आम्ही इथे आलो, इरा झाली. निघण्यापूर्वी मी त्या खात्याचे नियम नीट वाचले होते, मला तशी सवय आहे. देश सोडल्यावर त्यात नवीन पैसे घालायचे नाहीत, घातले तर दंड. आहे ते तसंच ठेवता येतं. आणि काढायचं असेल तर खुशाल काढा, कॅनडाचं काही म्हणणं नाही. जर्मनी मात्र तो करमुक्तपणा मानत नाही, त्यामुळे त्यातल्या कमाईवर इथे कर भरावा लागतो. तो मी दर वर्षी इमानेइतबारे भरतो. इथल्या फिनान्सआम्टशी, म्हणजे कर खात्याशी, मी कधीही खोटं बोललेलो नाही. बघा, हे सांगतानासुद्धा मला आत कुठेतरी अभिमान वाटतोय. कशाचा?

इरा लहान असतानाच केतकीने जर्मन शिकायला घेतलं. मांडीवर मूल आणि हातात पुस्तक. परीक्षा दिल्या, पास झाली. मग एक दिवस म्हणाली, कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात मास्टर्सला अर्ज केलाय — काँक्रीटच्या बांधकामांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मी म्हटलं, वा. खरोखर म्हटलं. अर्ज करणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीवर मी तिला प्रोत्साहन देत होतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं का? होतं, बहुतेक.

प्रवेश मिळाला. केतकीने फोन माझ्या नाकासमोर धरला आणि इराला उचलून खोलीभर नाचली. मग कागद घेऊन बसली. तिने सगळा विचार आधीच करून ठेवला होता: आठवड्यातले चार दिवस ती तिथे एका खोलीत राहणार, बाकीचे घरी. इरा दुपारपर्यंत किटात, म्हणजे बालवाडीत, तिथून पुढे मी येईपर्यंत शेजारच्या गल्लीतल्या एका बाईकडे. संध्याकाळी मी. तिथे फी अशी नव्हतीच. खर्च होता तो खोलीचा, रेल्वेचा आणि त्या बाईंचा. त्यासाठी तिचे कॅनडातले पैसे होते.

माझे पैसे तिला नको होते, आणि त्याला कारण होतं. मागे एकदा फोनवर माझी आई सहज म्हणून गेली होती, “आता काय, नवऱ्याच्या जिवावर पुन्हा कॉलेज का?” आईला वाटलं आपण गंमत करतोय. केतकी हसली, “नाही हो आई,” म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. तेव्हापासून तिचं पक्कं होतं. शिकेन तर माझ्या पैशांवर. हे मला माहीत होतं. तुम्ही कृपया हे विसरू नका, की हे मला माहीत होतं.

ती मला म्हणाली, “मंदार, ते पैसे काढायला किती दिवस लागतात रे?”

आणि मी म्हणालो, थांब, बघून सांगतो.

बघण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. लॉगिन करायचं, विकायचं, तिथल्या बँकेत घ्यायचे, इकडे पाठवायचे. एका आठवड्यात झालं असतं. मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर बराच वेळ बसलो. तिच्याच खात्याचं पान समोर होतं, तिची रक्कम समोर होती — तिच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. मग मी लॅपटॉप मिटला आणि तोंड पाडून सांगितलं की आपण कॅनडा सोडला ना, त्यामुळे ते खातं अडकलंय. नवीन पैसे घालता येत नाहीत आणि असलेले काढताही येत नाहीत. काढले तर दंड बसतो, निम्म्याहून जास्त जातात. नियम आहे.

अर्धं खरं होतं म्हणून ते इतकं सहज जमलं. आणि इथे राहणाऱ्या माणसाला ‘नियम आहे’ म्हटलं की तो वाद घालत नाही. रोज कशाचा ना कशाचा नियम निघतोच. केतकीने विचारलं, “निम्म्याहून जास्त?” मी म्हटलं, ‘या, गेनाऊ’ — म्हणजे हो, अगदी. घरात आम्ही कधी जर्मन बोलत नाही. त्या दिवशी का कोण जाणे, माझ्या तोंडून तेच आलं.

आणि मग — हे लिहायला माझा हात पुढे होत नाहीये — मग मी म्हणालो, अगं, मी देतो ना, माझे काय अन् तुझे काय. ती नको म्हणणार हे ठाऊक होतं म्हणूनच म्हणालो. तिने नको म्हटलं. वर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “बरं झालं तू वाचलंस. मी आपली घाईने काढून बसले असते.”

ती माझे आभार मानत होती.

आता ‘का’ ते सांगतो. इतकी वर्षं मी स्वतःला निरनिराळी कारणं दिली. इरा लहान होती. माझं प्रमोशन तोंडावर होतं. रोजची धावपळ, आजारपणं. ही सगळी कारणं खोटी आहेत असं नाही. पण इराला ताप आला असता तर मी रजा घेतली असती, इथे रजा मिळते. प्रमोशन वर्षभर पुढे गेलं असतं तर कुणी मेलं नसतं. मग का?

मला भीती वाटली. संध्याकाळी त्या लहान मुलीबरोबर घरात एकटं राहण्याची — ती आईसाठी रडणार आणि मला गप्प करता येणार नाही, याची. ही एक भीती. दुसरी जास्त घाण आहे. केतकी हुशार आहे. माझ्यापेक्षा हुशार आहे. हे मला कॉलेजपासून माहीत आहे, फक्त लग्नानंतर ते कुणाला दिसत नव्हतं. कॅनडात ती बेकरीत होती आणि मी इंजिनीअर होतो. इथे ती इराची आई होती आणि मी इंजिनीअर होतो. ती कायझर्सलाउटर्नला गेली असती तर काही वर्षांत कुणी ‘मंदारला विचारा’ म्हटलं नसतं, केतकीला विचारलं असतं. ती खाली आहे म्हणून मी वर दिसतोय, हे मला आतून पक्कं ठाऊक होतं. आणि मला तसंच राहायला हवं होतं.

बस. हे आहे ते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मला वाईट वाटत नव्हतं, हेही सांगतो. हायसं वाटत होतं. मी डब्यातली भाजी आवडीने खाल्ली.

तिने विद्यापीठाला विचारून पाहिलं, प्रवेश पुढच्या वर्षावर टाकता येईल का. त्यांनी कळवलं, पुन्हा अर्ज करा. पुन्हा अर्ज तिने केला नाही. काही दिवस ती इराशी जरा जास्तच खेळायची, तेवढंच. पुढे तिला एका सामान पोचवणाऱ्या कंपनीत अर्धवेळ नोकरी मिळाली. हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी ती निस्तरते. तिची जर्मन तिथल्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे, असं तिची बॉस म्हणते.

खोटं एकदा बोललं की संपत नाही, त्याला पोसावं लागतं. हर्षद आणि त्याची बायको कॅनडातूनच इथे आले, शेजारच्याच सिंडेलफिंगेनला. आमच्याकडे मिसळीला बोलावलं होतं, आणखी दोन-तीन घरंही होती. बोलता बोलता केतकी त्याला काळजीने म्हणाली, “तुमचंही ते बचत खातं असेल ना? अडकलं असेल मग.” हर्षद म्हणाला, “नाही हो वहिनी, मी गेल्याच महिन्यात सगळे काढले. काहीच प्रॉब्लेम आला नाही.”

मी फरसाण वाढत होतो. माझी पाचावर धारण बसली.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. अभिमानाने! “असं कसं? यानं सगळं वाचलंय. मंदार, सांग ना त्याला.” आणि मी सांगितलं. सगळ्यांसमोर, दादापणाच्या सुरात त्याला सांगितलं की काढता येतात रे, आल्झो, म्हणजे असं बघ, काढताना कुणी अडवत नाही, नोटीस नंतर येते. तुझी आली नाही अजून? बिचाऱ्याचा चेहरा पडला. त्याची बायको त्याच्याकडे बघायला लागली — विचारून काढता येत नव्हते का, अशा नजरेने. पुढे कित्येक दिवस तो मला फोन करत होता, “दादा, काय करू?” शेवटी त्याने एका कर सल्लागाराला पैसे देऊन विचारलं. सल्लागाराने काहीच भानगड नाही म्हणून सांगितलं, तेव्हा हर्षदने मला फोन करून तेही कळवलं. मी म्हणालो, नशीबवान आहेस, प्रत्येकाची केस वेगळी असते. त्याने ते मानलं. ज्याला विचारायचं तो माणूसच असं म्हणतोय, तर का मानणार नाही?

आणि केतकीला कधीच शंका आली नाही? आली असती तर मला बरं वाटलं असतं, असं मी म्हणणार नाही. मला ते नकोच होतं. पण तिच्या विश्वासाची मला हळूहळू चीड यायला लागली. दोन मिनिटांत इंटरनेटवर सापडणारी गोष्ट ही बाई शोधत का नाही? म्हणजे माझ्या खोट्याचा दोषही मी तिच्यावर टाकून पाहिला. अजून काय राहिलं?

यंदा आम्ही मोठ्या घरात आलो. इरा आता मोठी झालीय. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिला वेगळी खोली हवी होती. सामान बांधताना केतकीची जुनी पुस्तकं निघाली, काँक्रीटची. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि मला विचारलं, ही ठेवायची का द्यायची? मी दुसरं खोकं बांधायला घेतलं. त्या आठवड्यात मी ठरवलं की पैसे तिला द्यायचे. खरं सांगून? नाही. तेवढी हिंमत मला झाली नाही. मी तिला म्हणालो, केतकी, नियम बदलला. आता काढता येतात.

पहिल्या खोट्यावर दुसरं खोटं रचलं आणि वर वाटलं की मी काहीतरी भरपाई करतोय.

रक्कम ऐकून ती खुर्चीवर बसली. “एवढे?” म्हणाली. “माझे?” मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. मी घाईने म्हणालो, आता तू शिक, पुन्हा अर्ज कर, मी इराचं बघतो. आता मी खरंच बघितलं असतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या लहान मुलाने भलताच हट्ट धरल्यावर पाहावं. “आता? नको रे. ते सगळं विसरलेसुद्धा मी. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांबरोबर कुठे बसू?” तिच्या आवाजात दुःख नव्हतं. दुःख असतं तर मला धरायला काहीतरी सापडलं असतं. तिचं ते खरोखरच संपलं होतं, आणि ते कधी संपलं तेही मला कळलं नव्हतं.

इथे नवीन घर घेतलं की स्वयंपाकघर मिळत नाही. भिंतीतून आलेले पाइप आणि वायरी, बाकी खोली रिकामी. ओटा, कपाटं, शेगडी, सगळं आपण बसवून घ्यायचं, आणि ते स्वस्त नसतं. केतकीने त्या पैशांतून स्वयंपाकघर करून घेतलं. दुकानातल्या माणसाला तिने स्वतः नकाशा काढून दिला. तुमचा व्यवसाय काय, असं त्याने विचारलं, इतका तो नेमका होता. ती म्हणाली, पार्सलं.

मी हे तिला सांगेन की नाही, मला माहीत नाही. सांगेन असं इथे लिहून मोठेपणा घेणार नाही. माझं वय, माझी आई, तो काळ, यातलं काहीही मी पुढे करत नाही. खातं उघडं होतं, आणि मी ते बंद आहे म्हणून सांगितलं.

घर लागल्यावर आम्ही सगळ्यांना जेवायला बोलावलं. हर्षद आणि त्याची बायकोही आले होते. बायका ओट्यावरून हात फिरवत होत्या, कपाटं उघडून बघत होत्या. केतकी मधोमध उभी होती, हात पुसत, इतकी खूश की मला तिच्याकडे बघवत नव्हतं. “हे सगळं माझ्या बेकरीच्या पैशांचं हं,” ती म्हणाली. “यानं इतकी वर्षं सांभाळले म्हणून. नाहीतर मी तेव्हाच कसल्यातरी कोर्सवर उडवून टाकले असते.”

सगळे हसले. मीही हसलो.